कॉम्प्रेसर मेला की मारला?

मामांचं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात. ट्रक आणि बसचे एअर कॉम्प्रेसर उघडून पुन्हा बसवण्यात त्यांची हयात गेली. अलीकडे 'मोठ्या' गाड्याही दारात उभ्या असतात. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्याच्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर. दोघं भेटले की वाद ठरलेला. या खेपेला निमित्त झालं ते एका लँड रोव्हर डिस्कव्हरी 4 च्या एअर सस्पेन्शनचं. गाडी दहा वर्षांहून जुनी, तीही दुसऱ्या हातातली, मालक गुळाचे व्यापारी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि 'फक्त नॉर्मल उंची' असा इंग्रजीत संदेश. मी मध्ये खुर्ची टाकून बसलो होतो, म्हणून हे लिहिता आलं. मामांची कोल्हापुरी जरा सौम्य केली आहे. शिव्या गाळल्या आहेत.

भाचा: ही गाडी आमच्याकडे आली असती ना मामा, तर पार्ट आला त्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडली असती. स्कॅनर लावला, 'टाकी भरताना दाब फार हळू वाढतोय' असा कोड आला, कॉम्प्रेसर मागवला, सोबत नवा रिले टाकला, सॉफ्टवेअर बघितलं. गिऱ्हाईक खूश.

मामा: कोड काय म्हणाला? हळू भरतंय. का हळू भरतंय, ते म्हणाला का? टाकीला खालनं भोक असलं तरी पाणी हळूच चढणार की. तू लगेच पंप बदलणार?

भाचा: भोक असेल तर तेही बघतो आम्ही. पण इतक्या वर्षांच्या गाडीत कॉम्प्रेसर झिजलेलाच असतो, हे तुम्हाला मान्य आहे की नाही?

मामा: झिजलाय की. मी कुठं न्हाई म्हणतोय? ये, बघ.

टेबलावर जुना टॉवेल अंथरून कॉम्प्रेसर ठेवलेला होता. गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढं, चेसिसला बाहेरून तो टांगलेला असतो. वर आवाज दाबणारा फोम आणि प्लास्टिकचं झाकण. एवढ्या अवाढव्य गाडीला उचलणारं यंत्र ते हेच का, असं वाटावं इतका तो लहान. 12 व्होल्टची मोटर, तिला एकच पिस्टन, डोक्यावर झडपा, शेजारी दाण्यांनी भरलेली ड्रायरची नळी आणि हवा सोडून देणारा व्हॉल्व्ह. टायरमध्ये आपण सव्वादोन-अडीच बार हवा भरतो. हा एकटा पिस्टन टाकीत 16 बारच्या आसपास हवा कोंबतो. मग ती हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधून चार कोपऱ्यांच्या रबरी स्प्रिंगांत जाते. गॅरेजात त्यांना बलून म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात काय म्हणतात याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

मामांनी हेडचे स्क्रू काढले. सिलिंडरच्या भिंतीवर काळी पावडर बसली होती, काजळीसारखी मऊ. तेल कुठंच नव्हतं. पिस्टनवरची टेफलॉनची रिंग त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून नव्या रिंगेच्या शेजारी ठेवली. नवीच्या कडा चौकोनी होत्या. जुनीची बाहेरची कड तिरपी होऊन कागदासारखी पातळ झाली होती. त्या काळ्या पावडरीत ही रिंगच गेली होती.

मामा: ट्रकच्या कॉम्प्रेसरला इंजिनचं ऑइल मिळतंय. रिंगा तेलात पोहत असत्यात, म्हणून तो लाखो किलोमीटर चालतोय. ह्याला तेल वर्ज्य. हवेत तेल गेलं की ड्रायरचे दाणे वाया, बलूनचं रबर वाया. म्हणून कोरडाच चालवायचा. कोरडं घासलं की झिजणारच. त्यात कंपनीचा दोष न्हाई.

भाचा: बरोबर. म्हणजे झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे. ब्रेक पॅड बदलतो तशी बदलायची. त्यात रिंग घालून पुन्हा जीव फुंकायचा अट्टहास कशाला?

मामा: ब्रेक पॅड बदलताना तू कॅलिपर फेकतोस का रं?

भाचा हसला, पण माघार घेतली नाही. त्याचा मुद्दा मला तेव्हाही कच्चा वाटला नाही. त्याचं म्हणणं असं की रिंग हा कॉम्प्रेसरच्या झिजेचा फक्त दिसणारा भाग आहे. रिंग झिजली म्हणजे तितका काळ मोटर जास्त चालली. मोटरचे कार्बन ब्रश, कम्युटेटर, बेअरिंग ही सगळी त्याच वयाची. गाडीचा कंट्रोल युनिट दाब किती चढला एवढंच बघत नाही, किती वेळात चढला हेही मोजतो. नव्या रिंगेमागं थकलेली मोटर असेल तर चार महिन्यांनी तोच दिवा, तोच संदेश.

मामा: हे मात्र खरं. म्हणून मी आधी मोटर बघतो. कम्युटेटरवर खाचा पडल्या असल्या की सरळ सांगतो, ह्यात पैसे घालू नका. क्लॅम्प मीटर लावून करंट बघतो. सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवतो. ॲल्युमिनियमवरचा कडक थर खरवडला असला, नख अडकलं, की नवी रिंग घालून उपयोग न्हाई, ती आठवडाभरात भुगा. मग सिलिंडरसकट किट लागतंय. मोटर चांगली, सिलिंडर बदलता येतोय, रिंग मिळती, दाणे मिळत्यात. मग पूर्ण असेंब्ली का?

भाचा: रिंग मिळते की तुम्ही लेथवर करता?

हा टोला वर्मी बसणारा होता. उद्यमनगरात लेथ नाही अशी गल्ली नाही, आणि टेफलॉनचा रॉड आणून रिंग टर्न करून द्यायला तिथं कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

मामा: करून बघणारे हायत. मी करत न्हाई. साधं पांढरं टेफलॉन गुळगुळीत असतंय, पण झिजतंय भराभर. ह्या रिंगेत कार्बन वगैरे मिसळलेलं असतंय, म्हणून ती काळी. ते गणित माझ्याजवळ न्हाई, मग मी हात घालत न्हाई. किटच मागवतो.

भाचा: आणि किट खरं की नकली, हे कुणी ठरवायचं? ऑनलाइन तर अख्खा कॉम्प्रेसरच मिळतो, फोटोत अगदी तसाच दिसणारा.

मामा: तो मात्र घेऊ नये. तुझा कंपनीचा नवा आणि माझा दुरुस्त केलेला जुना, ह्यात मी भांडीन. त्या तिसऱ्याबद्दल भांडण न्हाई. जुन्या अस्सल मोटरीवर नवी रिंग मला चालंल, पण नाव खोडलेला नवा नको.

यावर दोघांचं एकमत झालं आणि चहा आला.

चहानंतर मामांनी ड्रायरची नळी उलटी केली. दाणे खळखळत पडायला हवे होते. त्याऐवजी काही दाणे, मग ओलसर पिठाचा गोळा, मग पुन्हा काही दाणे असं पडलं. खरा वाद इथून पुढं रंगला.

भाचा: हे आलं पावसामुळे. तुमच्याकडच्या हवेत पाणी किती असतं, ते बघा ना.

इथं भाच्याने फोन काढून आकडे सांगितले आणि ते खरोखर बघण्यासारखे आहेत. 25 अंश सेल्सिअसला पूर्ण ओल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम पाण्याची वाफ मावते. 10 अंशांला जेमतेम साडेनऊ ग्रॅम. आता ती 23 ग्रॅमवाली हवा सोळापट दाबली आणि पुन्हा थंड झाली, तर उरलेल्या चिंचोळ्या जागेत दीड ग्रॅमसुद्धा वाफ राहू शकत नाही. बाकीचं सगळं पाणी होऊन बाहेर पडतं. ते पाणी शोषायला हे दाणे. जुलैत गगनबावड्याच्या घाटात ही गाडी जेवढी हवा ओढते, तेवढी तिनं थंड देशातल्या हिवाळ्यात ओढली असती, तर दाण्यांना याच्या निम्म्याहून कमी काम पडलं असतं.

मामा: बरं. मग इथल्या सगळ्याच गाड्यांचे दाणे दर पावसाळ्यात विरघळायला पाहिजेत. तसं होतंय का?

भाचा: नाही, कारण गाडी खाली उतरते तेव्हा बलूनमधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर जाते आणि जाताना दाण्यांतलं पाणी घेऊन जाते. दाणे पुन्हा वाळतात.

मामा: आता तूच बोललास! हवा ड्रायरमधनं उलटी गेली तर वाळत्यात. आणि बलूनलाच चीर असली तर? हवा कुठनं जाती?

भाचा थांबला.

मामा: चिरेतनं जाती. ड्रायरकडं परत येतच न्हाई. म्हणजे कॉम्प्रेसरनं ओली हवा ओढायची, दाण्यांनी पाणी प्यायचं, आणि कोरडी केलेली हवा फुकट रस्त्यावर सोडायची. दाणे वाळणार कधी? वर सतत तूट भरायची म्हणून पिस्टन घासतोय. डोकं तापलं की कंट्रोल युनिट बंद करतोय, गार झालं की पुन्हा चालू. रिलेचे काँटॅक्ट चिकटले तर बंदसुद्धा होत न्हाई, मोटर जळूपर्यंत चालतोय. हा कॉम्प्रेसर म्हातारपणानं गेला न्हाई. ह्याला मारलाय. मारणारा अजून गाडीतच बसलाय, आणि तू त्याच्या शेजारी नवा कॉम्प्रेसर नेऊन ठेवणार.

माझ्या मते एवढा एक मुद्दा सोडला तर नवा की दुरुस्त, हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. गळती तशीच ठेवून बसवलेला नवाकोरा कॉम्प्रेसर आणि गळती तशीच ठेवून बसवलेली नवी रिंग, दोन्हींचं मरण एकाच वाटेनं येतं. फरक फक्त बिलाच्या आकड्याचा.

गळती शोधायची रीत मामांनी दाखवली, त्यात एक बारकावा मला फार आवडला. संध्याकाळी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजायचं, सकाळी पुन्हा मोजायचं, जो कोपरा बसला तो चोर. ऐकायला सोपं. पण ही गाडी पार्क केलेली असतानाही मध्येच जागी होते आणि एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीचे तीन त्याच्या रांगेत उतरवून पुन्हा झोपते. सकाळी बघावं तर चारही कोपरे सारखेच खाली, आणि चोर साळसूदपणे रांगेत उभा. म्हणून मोजण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवायचा. या गाडीचा पुढचा डावा कोपरा रात्रीत चाळीस मिलिमीटर बसला होता. मग चाक काढून, भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशनं बलूनच्या खालच्या घडीत सोडलं. गाडी पूर्ण उंचीवर असताना काहीच दिसेना. थोडी खाली घेतली, घडी वळली, आणि बारीक फेस उकळल्यासारखा वर आला.

(पाइप सोडायच्या आधी चारही बाजूंना स्टँड लागले आहेत ना, हे मामांनी पोऱ्याला तीनदा विचारलं. हवेवर उभी असलेली गाडी हवा गेली की थेट खाली येते, आणि खाली कोण आहे ते बघत नाही. स्प्रिंगच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाकडून इथंच चूक होते.)

भाचा: मामा, सगळं मान्य. पण एक सांगा. या मोजण्यात गाडी रात्रभर इथं अडकली. आमच्याकडे दुरुस्तीचा बे असा अडवून ठेवायला परवानगी नाही. कॉम्प्रेसर बदलायला किती तास, ते छापलेलं आहे. त्याचे पैसे गिऱ्हाईक निमूट देतं. 'गळती शोधण्याचे चार तास' असं बिलात लिहिलं की तोच माणूस काउंटरवर हात आपटतो. म्हणतो, काही बदललंच नाही, मग पैसे कसले?

मामा: इथं काय वेगळं असतंय? महागडी गाडी जुनी म्हणून स्वस्तात घेत्यात. गाडीची किंमत उतरती, पार्टची उतरत न्हाई, हे कुणी सांगितलेलं नसतंय त्यास्नी. मग इथं येऊन म्हणत्यात, मामा, जरा बघून द्या. बघायचं फुकट! पार्टचे पैसे मोजून देत्यात, बघण्याचे देताना खिसा शिवलेला.

भाचा: मग तुम्ही काय करता?

मामा: पाटी लावलीय बघ.

दाराशेजारी, विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली, ऑइल पेंटनं लिहिलं होतं: 'तपासणीचे पैसे वेगळे. काम करा अथवा न करा.' अक्षरांवरून ती कुणा रंगाऱ्यानं नव्हे, स्वतः मामांनीच रंगवली असावी.

भाचा: पाटी लावायला तुम्ही मालक आहात. मी पगारी माणूस. आणि जबाबदारीचं काय? मी रिंग घालून दिली आणि आंबा घाटात गाडी बसली, तर कंपनीचं नाव जातं, माझी नोकरी जाते. नव्या पार्टवर लेखी वॉरंटी असते. तुमच्या रिंगेवर तुमचा शब्द.

मामा: घाटात अचानक बसत न्हाई. कॉम्प्रेसर बंद पडला तरी बलूनचे व्हॉल्व्ह मिटलेले असत्यात, आहे ती हवा आतच राहती. दिवा लागतोय, वेग कमी ठेव म्हणतंय, गाडी घरी येती. ब्रेकचा पार्ट असता तर मी असल्या रिंगा-बिंगा केल्या नसत्या, नवाच टाकला असता. कुठं दुरुस्ती करायची आणि कुठं न्हाई, एवढं कळतंय मला.

भाचा: तुम्हाला कळतं. पण तुमच्यासारखी पाटी लावून दहा जण बसलेत, त्यांना कळतं का? गिऱ्हाईकाला त्यातला फरक कसा कळावा? अधिकृत वर्कशॉपचे पैसे जास्त असतात, ते या न कळण्याचेच असतात.

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. चांगला कारागीर ओळखायचा कसा, हे कारागिराला ओळखणाऱ्यालाच माहीत असतं. बाकीच्यांनी छापील वॉरंटीचा आधार घेतला तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण मामा गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. दुसरीकडून आले.

मामा: फरक कळू नये अशी व्यवस्थाच केलीय तुम्ही लोकांनी. पार्ट आम्हाला द्यायचा न्हाई, स्कॅनरची पूर्ण माहिती द्यायची न्हाई, आणि मग म्हणायचं बाहेरच्याला जमत न्हाई.

भाचा: त्याच्यावर दंड झालाय की. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 कारकंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा केला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळी करा, असंही सांगितलं.

मामा: मग?

भाचा: कंपन्या अपिलात गेल्या.

मामा: हां. आणि मी पुण्यात नाना पेठेत पार्ट हुडकत गेलो.

स्प्रिंगांचाही विषय निघाला, कारण अशा गाडीत तो निघतोच. चारही बलून काढून साध्या लोखंडी स्प्रिंगा घाला, कॉम्प्रेसरची कटकटच मिटवा, असा सल्ला देणारे पुष्कळ. भाच्याला तो गाडीचा अपमान वाटतो. मामांना वाटत नाही, पण तेही टाळतात. 'ज्याला स्प्रिंगच पाहिजे होती त्यानं पहिल्यांदाच दुसरी गाडी घ्यायची' एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. शिवाय ह्या मालकाला लग्नाच्या हॉलसमोर उतरताना बटण दाबून गाडी पाच सेंटिमीटर खाली बसवायची हौस आहे. ती हौस स्प्रिंगेवर भागणार नाही.

दुपारी मामांनी कॉम्प्रेसर जोडला. नवा सिलिंडर, नवी रिंग, हेडच्या ओ-रिंगा, नळीत ताजे दाणे. दाणे भरताना नळी हलकेच आपटून आपटून ते घट्ट बसवले. सैल राहिले तर धक्क्यांनी एकमेकांवर घासून त्यांचंच पीठ होतं आणि ते पीठ व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसतं. हवा आत घेणारा फिल्टरही बदलला. तो कुणाच्या यादीतच नसतो. भाचा इतका वेळ हात बांधून बघत होता, त्यानं शेवटी रिले स्वतः उपटून काढला आणि म्हणाला, "हा मात्र नवाच टाकायचा. याच्यावर वाद नको." मामांनी खिशातून नवा रिले काढून त्याच्या हातावर ठेवला.

टाकी भरायला किती वेळ लागतो, हे बघायला भाच्यानं फोनवर स्टॉपवॉच लावलं. स्कॅनरवर दाब सरळ रेषेत चढत गेला. "चांगला आहे," तो म्हणाला, आणि लगेच पुस्ती जोडली, "आज चांगला आहे. एक पावसाळा जाऊ दे, मग बोलू."

तेवढ्यात मालकांचा फोन आला. मामांनी स्पीकरवर टाकला. कॉम्प्रेसर झाला ऐकून मालक खूश झाले. पुढचा डावा बलून बदलावा लागेल म्हटल्यावर मात्र आवाज बदलला. बलूनचं पुढच्या सीझनला बघू, आत्ता नुसता कॉम्प्रेसर बसवून द्या, गाडी शनिवारी लग्नाला पाहिजे.

"न्हाई" आणि "नाही" एकदमच निघालं.

मामांनी फोनवर हात ठेवला. "तू सांग."

"मी कशाला? गिऱ्हाईक तुमचं."

"माझं ऐकणार न्हाईत ते. मी बलून म्हटलं की म्हणत्यात, मामा पैसे काढतोय. तुझ्या अंगात कंपनीचा शर्ट हाय. बोल."

"मामा, त्यांना शर्ट दिसत नाहीये."

"आवाज इंग्लिश मीडियमचा काढ," मामा म्हणाले आणि फोन त्याच्या हातात दिला.